घर पाहण्याचा कार्यक्रम

आमचं घर बँकेला पसंत पडलं नाही.

तसं ते कुणालाही पाहताक्षणी आवडेल असं नव्हतंच. सिल्वासात डोकमर्डीला, लिफ्ट नसलेल्या इमारतीचा तिसरा मजला. हॉल, बेडरूम, किचन आणि एक गॅलरी, जिच्यात एका वेळी एकच माणूस मावतो (तोही आडवा उभा राहिला तर). पण आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मसाटच्या धाग्याच्या कंपनीत पाळ्या करून ते घेतलं होतं. धुळ्याकडून इथे आलेल्या आमच्या सगळ्या नातेवाइकांत स्वतःचं घर असलेले आम्हीच पहिले.

विकायचं कारण आईचे गुडघे. जिना तिला इतका जड झाला होता की दिवाळीनंतर ती खाली उतरलीच नव्हती. भाजीवाला आला की गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून सोडायची आणि तो वर पाठवील ती भेंडी गोड मानून घ्यायची. डॉक्टर म्हणाले, तळमजल्यावर राहायला जा. आण्णांनी गलोंड्याच्या बाजूला एक बैठं घर पाहून इसार दिला (इकडे त्याला बानू म्हणतात). आमच्या घराला गिऱ्हाईकही मिळालं. कदम सर, मूळचे कोकणातले, सरकारी शाळेत शिक्षक, अतिशय सज्जन. किंमत ठरली. सर कर्ज काढणार होते. महिनाअखेरपर्यंत त्यांचे पैसे आले नाहीत, तर आमचा बानू बुडणार आणि आई तिसऱ्या मजल्यावरच राहणार, इतकं सगळं सरळ होतं.

मध्ये फक्त व्हॅल्युएशन होतं. ते काय असतं हे घरात मलाच माहीत होतं, कारण मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली पहिलीच. त्यामुळे विजेच्या बिलापासून आईच्या एक्स-रेपर्यंत सगळं आधी माझ्यासमोर येतं. एक्स-रेमधलं मला काही कळत नाही. पण मी तो उजेडाकडे धरून थोडा वेळ बघते. आण्णांना तेवढ्यानेही धीर येतो.

"व्हॅल्युएशन म्हंजे काय वं?" आण्णांनी विचारलं. आम्ही घरात अहिराणी बोलतो. मी मात्र कॉलेजात गेल्यापासून पुस्तकी मराठीत उत्तर देते, ते त्यांना फार आवडतं.

"बँकेचा माणूस येतो, घर बघतो आणि त्याची किंमत किती ते ठरवतो."

"मंग पोर पाहाले येतस, तसंच ना?"

इथे मी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण इतक्या आशेने विचारल्यावर नाही कसं म्हणायचं?

"तसंच म्हणा," मी म्हणाले.

आमच्या इमारतीत मुलगी पाहायला पाहुणे येणार असले की सगळ्या मजल्यांवरच्या चांगल्या वस्तू त्या घरात जमा होतात. ही इथली रीतच आहे. कुणाचे काचेचे ग्लास, कुणाचे पडदे, कुणाचं घड्याळ. पहिल्या मजल्यावरच्या हंसाबेनचा सोफा तर इतक्या कार्यक्रमांना जाऊन आलाय की एकाच सोफ्यावर बसून तीन वेगवेगळ्या घरांच्या मुली पसंत पडल्या आहेत. आण्णा संध्याकाळी खाली जाऊन सांगून आले आणि सकाळी सोफा जिना चढू लागला.

"शोकेस पण घेऊन जा ने," हंसाबेन पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या. "आणि मोटं कपाट. आरसावालं. घर भरेलं दिसायला पाहिजे."

"काकी, ते घराची किंमत करणार आहेत, सामानाची नाही," मी हळूच म्हणाले.

"अरे दीकरी, भरेला घर बघून माणसाचा हात आपोआप मोठा होते."

हे मला पटलं. (नुकतंच आम्हाला एका तासाला 'सादरीकरणाचं महत्त्व' शिकवलं होतं.) मग मीच पुढाकार घेऊन कपाट हॉलच्या एका भिंतीला लावलं, त्यासमोरच्या भिंतीला शोकेस आणि खिडकीखाली सोफा. समोरच्या बिऱ्हाडाने दिलेला पेटीचा पलंग बेडरूममध्ये, आमच्या कपाटाला चिकटवून ठेवला. आम्हाला चालायला जागा उरली नाही. आई पलंगावरूनच किचनमध्ये उतरली आणि तिने पोहे केले.

बँकेने पाठवलेले साहेब आले. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असतील. हातात टेप, कानाला फोन. आण्णांनी त्यांना सोफ्यावर बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

"घर तुम्हीच दाखवता ना?" साहेबांनी विचारलं.

"ती दाखवी ना साहेब, शिकेल शे," आण्णा म्हणाले आणि माझ्याकडे असं बघितलं की मला पोह्यांची बशी घेऊन पुढे यावंसं वाटलं. तशी मी आलेही.

साहेबांनी पोहे खाल्ले नाहीत. टेपचं टोक माझ्या हातात दिलं. "हे तिकडे भिंतीला लावा."

मी तिकडे गेले. भिंत नव्हती. म्हणजे होती, पण हंसाबेनच्या कपाटामागे. आता साहेबांना 'कपाट हलवू का' असं विचारायचं म्हणजे आधी शोकेस हलवायला हवी, त्यासाठी सोफा, सोफ्यासाठी आण्णा. साहेब तर फोनवर कुणाला तरी "हो, पोचतोच" असं सांगत होते. आमच्या घरात साहेबांना उलट प्रश्न विचारायची सवय कुणालाच नाही. मी टेपचं टोक कपाटाच्या आरशाला लावलं. आरशात मी फार जबाबदार दिसत होते.

"भिंतीला लागलं?" फोनवर हात ठेवून साहेबांनी विचारलं.

"हो सर."

मनात म्हटलं, कपाट भिंतीला लागून आहे आणि टेप कपाटाला लागून आहे. बेडरूममध्येही मी असंच काहीसं केलं. किचनमध्ये टेप फ्रिजला लावला. साहेबांनी आकडे लिहून घेतले, चार फोटो काढले आणि गेले. आई म्हणाली, "पोरगं चांगलं शे. घाईमा व्हतं बिचारं."

आठवड्याने कदम सर आले. चहा घेतला नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"भामरेभाऊ, कसं सांगू," ते म्हणाले. "बँकेने आपल्या घराची किंमत जवळजवळ दोन लाखांनी कमी धरली. कर्जही त्या हिशेबानेच देणार. वरचे मी कुठून आणू हो? मास्तर माणूस मी."

आण्णांनी भिंतीकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे.

"घर तं तेच शे ना? मंग कमी कसं व्हयनं?"

मी म्हणाले, बाजारातली मागणी आणि पुरवठा. ते पुस्तकात होतं. आण्णांनी मान हलवली, एक्स-रेच्या वेळी हलवतात तशी.

दुसऱ्या दिवशी हंसाबेनचा सोफा, शोकेस आणि कपाट परत गेलं. त्यांच्या भाचीला बघायला येणार होते. कपाट दारातून बाहेर पडलं आणि मी मागे वळून पाहिलं, तर हॉल मोठा झाला होता. कपाटाच्या जागी रिकामी भिंत होती आणि तिच्यासमोर आमचीच, रोजची, लांबलचक फरशी. पलंग गेला आणि बेडरूमही वाढली. मी फरशीवर बसले. टेपचं टोक मी कुठे कुठे टेकवलं होतं ते एकेक करून आठवलं.

मी आण्णांना सांगितलं. मला वाटलं, ते रागावतील. ते नुसते म्हणाले, "मंग परत मोजाले लाव ना."

मी बँकेला अर्ज लिहिला. इतका नम्र अर्ज मी आयुष्यात लिहिला नव्हता. 'माझ्या गैरसमजामुळे घर लहान मोजले गेले' असं एक वाक्य त्यात होतं, ते वाचून काउंटरवरच्या बाईंनी चष्मा काढून मला पुन्हा एकदा पाहिलं. कदम सर सोबत आले होते. ते म्हणाले, "मुलगी प्रामाणिक आहे हो." फेरमोजणीची फीही सरांनीच भरली.

या वेळी चूक होऊ द्यायची नाही असं मी ठरवलं. मोजताना मध्ये काहीच यायला नको. म्हणून आम्ही घर पूर्ण रिकामं केलं. आमची खाट, लोखंडी कपाट, फ्रिज, डबे, गाद्या सगळं जिन्यात. तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत आमचा संसार पायरीपायरीवर मांडलेला होता. लोक कामावर जाताना आमच्या गाद्यांवरून जात होते. राहिली आई. तिला बसायला खुर्ची हवी, आणि खुर्ची म्हणजे सामानच. मग आण्णा आणि त्यांच्या पाळीतला एक दोस्त, दोघांनी तिला खुर्चीसकट उचलून खाली नेलं. ती सगळा वेळ पदराने तोंड झाकून "माले पाडशात, माले पाडशात" म्हणत होती. हंसाबेन मागून म्हणाल्या, "बेन, नवरदेवासारखी चालली तुम्ही."

दुसरे साहेब आले, वयस्कर. जिन्यातून वर येतानाच त्यांनी आमचं सगळं पाहून घेतलं होतं. मी टेपचं टोक भिंतीला असं दाबून धरलं की बोटाला वळ उठला. हॉल पूर्ण आला. किचन पूर्ण आलं. मी जवळजवळ हसले.

मग ते बेडरूममध्ये गेले. आमचं लोखंडी कपाट इतकी वर्षं जिथे उभं होतं, त्या भिंतीवर ओलीचा एक मोठा डाग होता. पावसाळ्यात त्या कोपऱ्यातली फरशी ओली व्हायची, पण कपाटामागचा डाग आम्ही कुणीच कधी पाहिला नव्हता. त्याला खाली पोपडेही होते. एक पोपडा आमच्यासमोरच गळून पडला.

"पाणी येतं?" साहेबांनी विचारलं.

मी घाबरले. पण आता खोटं काहीच बोलायचं नाही असं ठरलेलं होतं.

"फक्त पावसाळ्यातच, सर," मी म्हणाले.

त्यांनी ते लिहून घेतलं. आण्णांनी डोळे मिटले.

थोडक्यात, मोजमाप वाढलं आणि अवस्था घसरली. गेलेलं अर्धंच परत आलं. कदम सरांनी बँकेत बसून राहून त्याच दिवशी आकडा काढून घेतला आणि संध्याकाळी फोन करून तेवढं सांगितलं, आणि म्हणाले की विचार करा, मी थांबतो. आण्णांनी फोन ठेवला. इसार बुडायला आठवडाही उरला नव्हता. सामान अजून जिन्यातच होतं. मी रिकाम्या घराच्या मध्यभागी उभी राहून, आता बँकेला तिसरा अर्ज कसा लिहावा, याची वाक्यं जुळवत होते.

"तुनी माय कोठे शे?" आण्णांनी एकदम विचारलं.

आम्ही तिला विसरलोच होतो. गॅलरीतून खाली पाहिलं. खाली आई त्याच खुर्चीवर बसली होती. समोर भाजीची गाडी होती. ती एकेक भेंडी हातात घेऊन, टोक मोडून बघत होती आणि नको असलेली परत टाकत होती. भाजीवाला कुरकुरत होता. ती त्याच्याशी भांडत होती. हंसाबेन शेजारी बसून तिची बाजू घेत होत्या. इतक्या महिन्यांनी तिला कुणाशी तरी समोरासमोर भांडायला मिळालं होतं.

आण्णा खाली गेले. मीही गेले.

"चाल वर," आण्णा म्हणाले.

"माले आते वर नही जानं," आई म्हणाली. रागाने नाही. भेंडी पिशवीत टाकत, साधं सांगितल्यासारखं. "जरासं बठू द्या."

आण्णा तिथेच, पायरीवर ठेवलेल्या आमच्या फ्रिजला टेकून उभे राहिले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि कदम सरांना सांगितलं की उरलेलं आम्ही कमी करतो, तुम्ही कागद करा. फोन ठेवून ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तू काय बी लिहू नको आते."

घर विकलं गेलं. आई गलोंड्याच्या बैठ्या घरात आली. आता तिला ओटा आहे, आणि ओट्यासमोरून जाणारा प्रत्येक भाजीवाला तिला ओळखतो (आणि टाळतो). पण आम्ही जेवढं कमी घेतलं तेवढी या घराच्या किमतीत तूट आली. ती भरायला आण्णांना या वयात लहानसं कर्ज काढावं लागलं. आता ते जास्तीच्या पाळ्या करतात. मी शिकवण्या घेते.

ते कर्ज मिळण्याआधी बँक हे घरही पाहायला येणार होती; तोवर आधीच्या मालकांनी आम्हाला राहायला येऊ दिलं होतं. त्या दिवशी सकाळी आण्णांनी मला विचारलं, "तुनं कॉलेज शे ना आज?"

"आज रविवार आहे, आण्णा."

ते थोडे विचारात पडले. मग त्यांनी माझ्या हातात शेंगांचं ताट दिलं आणि आईशेजारी ओट्यावर बसायला सांगितलं.

सुटीच्या दिवशीही टेप घेऊन तेच पहिले, तरुण साहेब आले. मला पाहून फाटकातच थबकले. मी उठून नमस्कार केला आणि सवयीने टेपचं टोक धरायला हात पुढे केला.

"बठ खाले," आई म्हणाली आणि मला हाताला धरून खाली ओढलं. मग साहेबांकडे वळून, अगदी अभिमानाने म्हणाली, "शिकेल पोर शे ना साहेब, म्हनीसन तिले बाहेर बसाडी ठेवेल शे."