पांढरी राहिलेली चौकट

आमच्या घरात नऊ दारं आहेत. आठ चौकटी पिवळ्या पडल्यात. नववी, देवघराची, अजून पांढरी आहे. गेली सहा वर्षं मी त्या चौकटीकडं नीट पाहिलेलं नाही. हात जोडायला जायचो तेही डोळे मिटून. बायकोला वाटायचं, वय झालं तसा माणूस भाविक व्हायला लागला.

मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. पत्र्यावरचा रंग तपासणं हे माझं काम. ब्लेडनं रंगावर बारीक चौकडी पाडायची, वर चिकटपट्टी दाबून लावायची आणि झटक्यात ओढायची. चौकडे निघून आले तर माल परत. हे सांगतोय ते मोठेपणासाठी नाही. मला अडाणीपणाची सबब सांगता येत नाही, एवढंच.

सहा वर्षांपूर्वी मुलगी पहिल्या बाळंतपणाला येणार होती. तिला लहानपणापासून दमा. भिंती ठीक होत्या, पण दारं-खिडक्यांचा रंग उडाला होता. ती फोनवर म्हणाली, "बाबा, ऑइल पेंट नका लावू. वास आठवडाभर घरातून जात नाही. पाण्यात कालवायचा इनॅमल येतो, कमी वासाचा. डब्यावर लो व्हीओसी लिहिलेलं बघून घ्या."

"नळाला पाणी आठवड्यातनं एकदा," बायको मागून ओरडली, "अन् हिला रंगसुद्धा पाण्याचाच पाहिजे!"

आमचे पेंटर म्हणजे चाचा. मूळचे सिल्लोडकडचे. पंधरा वर्षं आमच्या गल्लीतली घरं त्यांनीच रंगवली. ते लगेच म्हणाले, "बेटी बरोबर सांगती. लेकराच्या घरात तोच लावा." पहिल्या दिवशी त्यांनी देवघराची चौकट धरली. चप्पल बाहेर काढून, जुना रंग पॉलिश पेपरनं घासून, प्रायमर लावून, वर तोच पाण्याचा रंग. बायको दिवसभर बघत होती. दुसऱ्या दिवशी ती डोहाळजेवणासाठी नाशिकला मुलीच्या सासरी गेली. येताना मुलीला घेऊनच येणार होती.

घरात मी आणि चाचा उरलो. आणि मला माझं ज्ञान दाखवायची लहर आली.

"पाण्यानं धुवायच्या ब्रशाचा रंग दाराला काय टिकणार?" मी म्हणालो. "माळ्याच्या झडपेवर एक हात मारून दाखवा. न घासता."

"न घासता कशाला, साहेब?"

"मारा तर."

दुसऱ्या सकाळी मी ब्लेड आणि चिकटपट्टी घेऊन स्टुलावर चढलो. पट्टी ओढली तसे निम्मे चौकडे निघून आले. पट्टी चाचांपुढं धरली.

चाचांनी ती नीट पाहिलीही नाही. "आठ-पंधरा दिवस द्या त्याला. वरून सुकला म्हंजी आतून धरला असं नसतं. अन् जुन्या ऑइल पेंटवर घासल्याबगर कोन्ताच रंग धरत नाय. तुमाला म्या काय सांगू?"

खरंच, मला हे कुणी सांगायची गरजच नव्हती. कच्च्या रंगाची चाचणी घेणाऱ्या पोराला मी कारखान्यात सगळ्यांसमोर झापलेलं आहे. मला ऑइल पेंटची ती आरशासारखी चमक हवी होती. बारशाला व्याही येतील, दारावर हात फिरवून "वा!" म्हणतील, एवढंच डोक्यात. त्याच संध्याकाळी शहागंजच्या बाजारातून मी स्वतः ऑइल पेंटचे डबे आणले.

"कंपनीत आम्ही हाच बघतो, चाचा. वर्षानुवर्षं हलत नाही."

"कंपनीत लोखंड असतंय, साहेब. लोखंडाला नाक नसतं."

मी हसलो. चाचा हसले नाहीत. पण घर माझं होतं. त्यांनी उरलेल्या आठ चौकटी आणि दारं मी आणलेल्या रंगानं रंगवली. मी दोन दिवस पंखे चालू ठेवले, खिडक्या उघड्या टाकल्या. बायकोला फोनवर यातलं काही सांगितलं नाही.

मुलगी आली ती पायरीवरच थांबली. "बाबा, वास येतोय."

"जाईल उद्यापर्यंत."

रात्र कशीबशी काढली. सकाळी तिला धाप लागली, उलट्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, या वासातून हिला आधी बाहेर काढा. दोन दिवस ती समोरच्यांच्या घरी झोपली, मग जावई येऊन नाशिकला घेऊन गेले. बाळंतपण तिकडंच झालं. नात सुखरूप आहे, ही कृपा. पण पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही, ही गोष्ट माझ्या बायकोनं अजून मनातून काढलेली नाही. डिंकाच्या लाडवाचं सामान भरलेले डबे तिनं शेजारी वाटून टाकले.

त्या सकाळी बायकोनं मला विचारलं होतं, "रंग तर वास नसलेला ठरला होता ना?"

मुलगी आत खोकत होती. मी म्हणालो, "ठरला होता. चाचांनी डबा बदलला."

एवढंच वाक्य. ते दुपारपर्यंत गल्लीत सात घरी पोहोचलं. जो विचारील त्याला मीही तेच सांगितलं. समोरचे म्हणाले, "त्यांच्यातले असेच." मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. हेच खोटं मी आपल्यातल्या एखाद्या पेंटरवर घातलं असतं, तर लोकांनी चार प्रश्न विचारले असते. चाचांबद्दल कुणी एकही विचारला नाही. आणि विचारणार नाहीत, हे तोंड उघडायच्या आधीच मला ठाऊक होतं. सगळ्यात जास्त लाज मला याची वाटते.

चाचा शिडी न्यायला आले. बायको फाटकातच म्हणाली, "तुमच्यावर विश्वास ठेवला होता हो आम्ही."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी गाडी पुसत होतो, पुसत राहिलो. मग ते बायकोला म्हणाले, "बेटी कशी हाय आता?" आणि शिडी खांद्यावर टाकून गेले. त्यानंतर आमच्या गल्लीत त्यांना कुणी काम दिलं नाही.

आता मुलगी दुसऱ्या खेपेला येणार आहे. या वेळी बाळंतपण इथंच, असं बायकोनं बजावलंय. परवा ती फडकं घेऊन घरभर फिरून दारं बघत होती. ऑइल पेंट अंधारात जास्तच पिवळा पडतो; मुलीच्या खोलीत, जिथं ऊन येत नाही, तिथं माझा टिकाऊ रंग हळदीसारखा झालाय. देवघराशी ती थांबली. रोज समईची काजळी बसते, रोज बायको ती ओल्या फडक्यानं पुसते, तरी चौकट पांढरीशुभ्र.

"बघा," ती म्हणाली, "देवघरात खोटं करायची हिंमत नाही झाली त्याची. तेवढा तरी देवाला भ्यायला."

मी म्हणालो, "त्यानं कुठंच खोटं केलं नाही. डबे मी आणले होते."

सगळं सांगून झाल्यावर तिनं हातातल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाली, "बाजारात दिसला तर मी तोंड फिरवायची. माझ्याकडून करवून घेतलंत तुम्ही ते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चाचांच्या घरी गेलो. ते थकलेत, काम आता त्यांचा मोठा मुलगा बघतो. मी सांगायला लागलो तसं त्यांनी हातानं थांबवलं आणि मुलाला हाक मारली. "आता बोला. याच्यासमोर बोला. यानं बी मला इचारलं व्हतं, अब्बा, खरंच बदलला का डबा?"

मी त्याच्यासमोर बोललो. त्याच्या डोळ्यांत बघून बोलणं जमलं नाही.

चाचा म्हणाले, "चहा घ्या." मुलगा म्हणाला, "चहा घ्या, पण कामाचं आत्ताच विचारू नका. ज्या ज्या दारी तुमी ते खोटं सांगितलं, ती दारं आधी वाजवा. मग बघू."

"अन् भाभी," चाचा बायकोला म्हणाले, "आमी आलो तरी एक सांगून ठेवतो. रंग आनायला साहेबांना धाडू नका." बायको हसता हसता रडायला लागली.

गल्लीतली सातही दारं वाजवून झाली. समोरचे म्हणाले, "जाऊ द्या हो, जुनं झालं." मला ते सोपं पडलं असतं, पण मी म्हणालो, "जाऊ देऊ नका. त्यांच्याबद्दल जे बोललात ते मागं घ्या." त्यांनी दार लावून घेतलं. कोपऱ्यावरच्या काकू एवढंच म्हणाल्या, "सहा वर्षं लागली?"

आता एकच दार उरलंय, ते नाशिकला. काल मुलीचाच फोन आला. "बाबा, रंगाचं काय ठरलं? वेळेत होईल ना?"

बायको समोर बसून माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "तू आधी जरा बस. मागच्या रंगाचं सांगायचंय."