स्टार्टरची खोली

माझं सासर पारोळ्याजवळच्या खेड्यात. तिथे बाईला लघवीला जळजळ झाली की निदान घरातला पुरुष करतो आणि ते एकच असतं: उन्हाळी लागली. बाहेर थंडीने दात वाजत असले तरी उन्हाळीच.

सासूबाईंना ती कापूस वेचणीत लागली. वेचणीला गेलेली बाई दिवसभर पाणी पीत नाही, कारण प्यायलं की जावं लागतं, आणि उघड्या शेतात जायचं कुठे? हे आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनी उपाय सांगितला, धन्या-जिऱ्याचं पाणी पी. पुढे सासूबाईंची कंबर धरली, हुडहुडी भरून ताप चढला, तेव्हा कुठे आम्ही धुळ्याला गेलो.

डॉक्टरीणबाई प्रश्न सासूबाईंना विचारत होत्या, उत्तरं आबा देत होते.

"लघवीला जळजळ होते का?"

"तिले उष्णता शे. बाकी काही नही."

दुसऱ्याच्या लघवीची इतकी खात्रीलायक माहिती असलेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. त्यात तपासणीचा रिपोर्टही जवळजवळ स्वच्छ आला आणि आबा निवडून आलेल्या सरपंचासारखे बाकावर रेलले.

"ताप मात्र वेगळंच सांगतोय," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी पुन्हा डबी दिली. पहिली धार सोडून मधली धरायची, हेही पुन्हा बजावलं. या वेळी मी सोबत गेले. पाहते तर सासूबाईंनी भरलेली डबी नळाखाली धरलेली.

"अहो, हे काय करताय?"

"गढूळ दिसस. वासबी येस. परका मानूसना हातमा असं कसं देऊ?"

मघाशीही त्यांनी हेच केलं होतं. पाहुण्याला द्यायचा तांब्या आणि तपासणीची डबी त्यांच्या लेखी एकच. मला हसूही आलं आणि संतापही.

नवा नमुना दिला आणि त्यात पू निघाला. कोणते जंतू, कोणतं औषध लागू पडेल, हे कळायला कल्चर लावलं आणि तोवर सलाईनमधून औषध सुरू केलं. संसर्ग किडनीपर्यंत गेला होता. मी पार घाबरले होते. ताप उतरल्यावर घरी निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, बरं वाटलं तरी गोळ्या पूर्ण घ्या, भरपूर पाणी प्या, लघवी तुंबवू नका.

पुढच्या वेचणीला आबांनी शेतात सासूबाईंच्या हाती भलीमोठी बाटली दिली. "आते भरपूर पानी पी," म्हणाले. चेहऱ्यावर भाव असा, की किडनी यांनीच वाचवली.

सासूबाईंनी बाटली खाली ठेवली. समोर विहिरीपाशी पत्र्याची खोली होती, दार-कुलूप असलेली. पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरला ऊन-पाऊस लागू नये म्हणून आबांनी हौसेने बांधलेली.

"तो स्टार्टर बाहेर काढा," त्या शांतपणे म्हणाल्या. "ती खोली माले द्या."

आणि किल्लीसाठी हात पुढे केला.