म्हशीला फसवणारा सदरा

माझ्या अंगावरून वारं गेलं. साधंसुधं नव्हे, धरणाच्या पाण्यावरून उठलेलं, मळ्यातली झाडं वाकवत थेट माझ्या उजव्या अंगात शिरलेलं. दवाखान्यातून घरी आलो, तेव्हा निम्मा मी काठावर होतो नि निम्मा पाण्याखाली. उजवा हात शेजारी पडलेला दिसे, पण कुणी पाहुणा विसरून गेल्यासारखा.

डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता. तो दाबायचा, गोळ्या चुकवायच्या नाहीत, जमेल ते स्वतः करायचं. पण आमच्याकडे आजाऱ्याला काही करू दिलं तर घराची अब्रू जाते. बायको भरवायची, भाऊ उचलून बसवायचा. चेंडू खाटेखाली गेला. भेटायला येणाऱ्यांना मी सांगायचो, "पडलो तवा गोठ्यात भुईला तडा गेला!" माणसं खरंच बघून यायची.

म्हैस मात्र बधेना. तिला माझ्याच हाताची सवय. दुसऱ्या कुणालाही ती पान्हा द्यायची नाही. कास तटतटली.

एके सकाळी डोळे उघडले तर दाट धुक्यात मीच चरवी घेऊन गोठ्याकडे चाललो होतो. माझा सदरा, माझी टोपी, दोन्ही पाय धड. वाटलं, आपण रात्रीच गेलो असणार. मग चरवीत धारांचा आवाज सुरू झाला. टोपीखालून बायकोचा अंबाडा दिसला.

"पान्हा सोडला तिनं?" मी ओरडलो.

"सोडला की! तुमचा सदरा बास हाय तिला. तुमी पडा निवांत."

तो ‘निवांत’ मला झोंबला. सदऱ्यावर भागतंय म्हटल्यावर आत माणूस कशाला हवा?

"सदरा आण हिकडं. उद्या धार मी काढनार."

"एका हातानं?"

"न्हाई निघाली तर म्हशीला गोष्टी सांगीन!"

ती हसली, पण दुसऱ्या दिवशी सदरा खाटेवर ठेवून समोर उभी राहिली. मी गुंडीला भिडलो. गुंडी निसटे, बोटं धुक्यात चाचपडत. बायकोचा हात दोनदा पुढं आला. दोन्ही वेळा तिनं तो मागं घेऊन पदरात गुंडाळला. पहिली गुंडी लागेपर्यंत सूर्य धरणावर उगवून, मावळून, पुन्हा उगवला असेल.

गोठ्यात म्हैस रेकत होती.

"रेकू दे," बायको म्हणाली. "दुसरी लावा."