धाकट्या जावेचा सराव

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन आली तेव्हा मी त्या घरातली सात वर्षांची जुनी सून होते. प्रकाशा या गावाहून बैलगाडीनं तासाभराच्या वाटेवर, तापीकाठच्या काळ्या जमिनीतलं आमचं गाव. माझे वडील शहाद्याला शाळामास्तर, म्हणून मला लिहितावाचता येत होतं. गावातल्या बायकांत तशी मी एकटीच. पाहुणे आले की सासूबाई मला पोथी घेऊन बसवत. धाकटीला अक्षरओळख नव्हती. सावळी, किडकिडीत, बोलायला कमी. हिचा तुला हेवा वाटेल, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते.

तिसऱ्याच महिन्यात ते सुरू झालं. एका दुपारी आम्ही दोघी जेवायला बसलो, तर तिच्या ताटातली डाळ बिनमिठाची. मी मीठ पुढे केलं. ती म्हणाली, "नको बाई. आज घरमा मीठ नही शे, असं समजानं."

"शे ना मडकंभर! कसाले असं अभद्र बोलस?"

"जवय शे तवयच सवय करी लेवानी," ती म्हणाली आणि शांतपणे जेवत राहिली.

हळूहळू तिचे प्रकार कळत गेले. आठवड्यातून एक दिवस मीठ नाही. थंडीत एक दिवस पांघरूण नाही. दुपारी कामं आटोपली की भिंतीला पाठ लावून डोळे मिटून बसायची आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायची. मला वाटलं जप करते. विचारलं तर म्हणाली, हे घर नाही असं समजते. गोठा नाही, दागिना नाही, नवरा परगावी आहे. मग पहिल्यांदा काय करायचं ते मनात ठरवते. मी कानांवर हात ठेवले.

तिचं कारण मला एकदा दळण दळताना समजलं. ती नऊ वर्षांची असताना तिच्या माहेरच्या गावात प्लेग आला. उंदीर पडायला लागले तसं सगळं गाव शेतात झोपड्या घालून राहायला गेलं. पण तिच्या आईचा जीव झोपडीत रमेना. चुलीला पोतेरं द्यायला, तुळशीला पाणी घालायला, काही ना काही निमित्त काढून ती रोज गावातल्या घरी जाऊन यायची. पाचव्या दिवशी तिला ताप चढला. "मन्ही मायले घर सोडता उनं नही," जात्याचा खुंटा न थांबवता धाकटी म्हणाली. ती रडली नाही. मीच रडले, आणि रडता रडता मला तिचा राग आला, की हिला रडू कसं येत नाही.

सासूबाईंनी मोठा दुष्काळ पाहिलेला. मला वाटलं होतं, असलं अभद्र वागणं त्या एका दिवसात बंद करतील. झालं उलटंच. त्या मला म्हणाल्या, "धाकलीनं देखीसन काही शिक. तिन्हं मन लोखंडनं शे." पोथी वाचायला लावणं चालू राहिलं, पण घरात काही बिनसलं, गाय अडली, सासूबाईंना चक्कर आली, की हाक धाकटीला जायची. माझ्या हाताखाली भाकरी थापायला शिकलेली ती, आणि आता सासूबाई तिच्याकडे बघत तसं माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

तेही मी सोसलं असतं. पण माझी लेक, तेव्हा सात वर्षांची, तीही काकीच्या मागे लागली. दर अमावास्येला बैलांना सुट्टी असे. त्या दिवशी धाकटी एक गाठोडं बांधून आमच्या नदीकडच्या शेतात जायची आणि दिवसभर कडुलिंबाखाली राहायची. जे गाठोड्यात आलं त्यावर भागवायचं, विसरलं ते विसरलं. लेक तिच्याबरोबर जायला लागली. संध्याकाळी परत आली की तिच्या तोंडी काकीच. काकीनं असं केलं, काकी तसं म्हणाली. मी वेणी घालायला बोलावलं तर म्हणायची, काकी घालेल.

एका अमावास्येला मी वाईट केलं. धाकटी अंघोळीला गेली तेव्हा मी तिचं गाठोडं सोडलं, आतली काड्यापेटी आणि मिरचीचा ठेचा काढून घेतला, आणि गाठ पुन्हा तशीच मारली. मनात होतं, आज दुपारीच तोंड पाडून परत येईल. सासूबाईंनाही कळेल, लेकीलाही कळेल. दुपार झाली. मी चार वेळा ओट्यावर येऊन वाट बघितली. त्या दोघी दिवस मावळताना आल्या. कोरडी भाकर आणि ओला हरभरा खाऊन राहिल्या होत्या, आणि लेकीच्या ओठांवर हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट आंबीची खाज होती, तरी हसत होती. धाकटीनं गाठोडं माझ्यासमोरच सोडलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि फडकं झटकून घडी घातली. ते बघणं मला थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

त्यानंतर मी गुपचूप तिची नक्कल करून बघितली. कुणाला न सांगता एक दिवस मीठ सोडलं. तिसऱ्या प्रहरी धान्याच्या कणगीमागे उभी राहून मी लोणच्याच्या दोन फोडी खाल्ल्या. दुपारी डोळे मिटून बसायचं म्हटलं तर घर नाही असं समजण्याऐवजी धाकटी नाही असंच मनात यायचं. मग मी तो नाद सोडला आणि तिच्यावर नजर ठेवू लागले. ती पाणी कसं भरते, घाबरल्या माणसाशी कुठल्या आवाजात बोलते, अडचण आली की आधी कशाला हात घालते. कुठेतरी ती चुकेल आणि मी ते सगळ्यांना दाखवीन, या आशेनं मी वर्षभर तिला बघत होते.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या ओसरीत उंदीर मरून पडला. दुसऱ्या दिवशी शेजारी तीन. पाटलानं दवंडी दिली, गाव रिकामं करा. धाकटी गाठोडं काखेत मारून दारात उभी राहिली तेव्हा मी अजून पितळी हंडे कुठे ठेवायचे ते ठरवत होते. शेतात कडब्याच्या झोपड्या घातल्या. पहिले आठ दिवस सगळं घर तिच्या बोलण्यावर चाललं. सासूबाई, माझा नवरा, दीर, सगळे तिला विचारत. मी चूल फुंकायची आणि आतून जळायची.

नवव्या दिवशी सकाळी माझी लेक उठली नाही. अंग तापलेलं, जांघेत गाठ. तिला बांधापलीकडच्या वेगळ्या झोपडीत हलवायचं ठरलं. मी तिला उचललं आणि सवयीनं मागे बघितलं, धाकटी येते का. धाकटी आली नाही. ती नांगरटीतल्या ढेकळांत खाली बसली होती, दोन्ही हातांनी कान झाकून, आणि तिचे दात वाजत होते. दीर तिला उठवत होता, ती उठत नव्हती.

आता मी जे लिहिते ते लिहायला मला लाज वाटते. पोटची पोर तापानं फणफणलेली माझ्या खांद्यावर होती, आणि मला आनंद झाला. अगदी क्षणभर, पण झाला. मोडली, असं मनात आलं. एवढा सराव करून शेवटी मोडली.

मग झोपडीत मी आणि लेक. कशाला हात घालावा कळेना. तेव्हा मला आठवलं, धाकटी काय करते. ती आधी पाणी बघते. मी पाणी बघितलं. मग ती विस्तव पेटवते. मी पेटवला. मग ती एक फडकं ओलं करते आणि हळू आवाजात आत्ता करायची एकच गोष्ट सांगते, पुढची नाही. हे सगळं मला तोंडपाठ होतं. तिची चूक शोधता शोधता मी तिच्याकडूनच शिकून बसले होते. नवरा बांधावर घागर ठेवून जाई, मी ती आत आणी. पोटीस बांधे, पेज पाजे. उद्याचं काही मनात येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी बांधाशी येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. आत यायला पाय उचलेना.

"बाई," ती म्हणाली, "मी समदं सोडानी सवय करी. घर, डोरं, नवरा. पन इन्हं नाव मन्हा तोंडमा कधी उनं नही. तितलं करता उनं नही माले."

माझ्या लेकीचं नाव. नवऱ्याशिवाय जगायचं मनात आणलेल्या बाईला माझ्या लेकीशिवायचं जग मनातही आणवत नव्हतं. मला पुन्हा एकदा हेवा वाटला, आणि त्याच वेळी तिच्यासाठी पोटात तुटलं. दोन्ही एकदमच.

"उभी नको राहू तठे," मी म्हटलं. "घागर रिकामी शे. पानी भर. तितलंच कर."

ती गेली, पाणी घेऊन आली. मग मी म्हटलं, सरपण आण. तिनं आणलं. तिसऱ्या कामाला ती झोपडीच्या आत होती.

पाचव्या दिवशी गाठ फुटली आणि ताप उतरला. गावातली अकरा माणसं त्या हिवाळ्यात गेली, त्यात आमच्या सासूबाई. माझी लेक वाचली. डोळे उघडून तिनं पहिल्यांदा विचारलं, "काकी कोठे शे?" मी तिच्या उशाशी पाच दिवस बसलेली होते. मी म्हटलं, "आठेच शे," आणि बाजूला सरकले.

गावात परतल्यावर धाकटीनं मीठ सोडायचं बंद केलं. दुपारी भिंतीला टेकून बसायची, पण डोळे उघडे ठेवून. पुढे काही वर्षांनी दिराला नवापूरला जंगल खात्यात कारकुनी लागली आणि त्यांचं बिऱ्हाड निघालं. गाडीत ट्रंका चढत होत्या, लेक ओक्साबोक्शी रडत होती. धाकटी माझ्या पाया पडली तेव्हा मला नीट आशीर्वादही देता आला नाही. आपण इथे, आणि रोज सकाळी हिचा आवाज त्या नवापूरच्या बायकांच्या कानावर पडणार. ज्या बायकांची मी तोंडंही बघितली नव्हती, त्यांचा मला इतका हेवा वाटला की गाडी पांदीच्या वळणाआड जाईपर्यंत मी दारातही थांबले नाही. आत जाऊन दळायला बसले.