वाढत्या अंगाचं जाकीट

मुलीसाठी ज्यूदोचं जाकीट घेतलं तेव्हा मी दुकानात मुद्दाम मोठं माप मागितलं. अकरावीतली पोर, उंची अजून वाढतेय, दर वर्षी नवीन कोण घेणार? तिनं नाक मुरडलं. मी घरी येऊन बाह्या आत दुमडल्या आणि गोधडीच्या जाड दोऱ्यानं लांब लांब टाके घातले, म्हणजे पुढच्या वर्षी पटकन उसवता येतील. आमच्याकडे शाळेच्या गणवेशापासून सगळं असंच वाढत्या अंगाचं घेतात, आणि याबाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

क्लास गंगापूर रोडच्या मागच्या बाजूला एका हॉलमध्ये भरतो. तिच्या वजनाची दुसरी मुलगी तिथं नव्हती. मी तिला सोडायला जायची आणि कडेला बसून मटार सोलायची. एक दिवस सर म्हणाले, ताई, नुसतं बसण्यापेक्षा मॅटवर या, पोरीला जोडीदार मिळेल. सर नामपूरकडचे, त्यांना 'नाही' ऐकायची सवय नाही. मी उतरले. पडायला शिकले, लोळायला शिकले, पोरांना हसू फुटलं तरी चिडले नाही. फक्त गळ्याशी कुणाचा हात आला की नको वाटायचं. ते शेवटपर्यंत गेलं नाही.

जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी सरांनी तिला बाहीचा गळफास शिकवायला घेतला. समोरचा खाली पाठीवर असतो. आपण वर बसून एक हात त्याच्या मानेखालून घालायचा, त्या हाताची चार बोटं आपल्याच दुसऱ्या बाहीत खुपसायची, आणि तो दुसरा हात गळ्यावरून आडवा दाबायचा. मान दोन हातांच्या मध्ये आवळली जाते. सहन होईना की खालच्यानं थाप मारायची, आणि थाप पडली की त्या क्षणी सोडायचं. हा तिथला कायदा आहे, त्याला अपवाद नाही.

मी खाली आडवी झाले. तिचे केस माझ्या कपाळावर आले. मानेखालून हात गेला, बोटं बाहीत शिरली, आणि दुसरा हात गळ्यावर आला. बरोबर जमलं होतं तिला. डोक्यात एकदम रक्त दाटलं. मी थाप मारली.

तिनं सोडलं नाही.

मी पुन्हा मारली, जोरात, तिच्या पाठीवर. पकड आणखी घट्ट झाली. कानात शिट्टी वाजायला लागली, वरचे दिवे बारीक होत गेले. तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता, डोळे विस्फारलेले, आणि ती काहीतरी बोलत होती ते मला ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, ही माझ्यावर कसला तरी राग काढतेय. हे मी खोटं सांगणार नाही. स्वतःच्या मुलीबद्दल हे माझ्या मनात आलं, आणि मला तिची भीती वाटली. घरच्या खुंटीवर राहिलेल्या कपाटाच्या किल्लीचा विचारही आला. मरताना माणूस देव आठवतो म्हणतात, मला किल्ली आठवली.

तिची बोटं अडकली होती. आत वळवलेल्या कापडाच्या मागे, माझ्या त्या लांब टाक्यांमध्ये. ती हात सोडवायला ओढत होती, आणि प्रत्येक ओढीबरोबर फास घट्ट होत होता. सर धावत आले. ओरडले नाहीत. तिच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "ओढू नको. हात आजून आत घाल, मंग निघंल."

तिनं आत घातला. बोटं सुटली. मी कुशीवर वळून खोकत राहिले. कुणीतरी पाणी आणलं. ती भिंतीला टेकून बसली होती, बोटांवर दोऱ्याचे लाल वळ, आणि दातावर दात वाजत होते. मी हसून म्हटलं, काही झालं नाही गं. आवाज घोगरा निघाला, त्यामुळे ती आणखी घाबरली.

घरी येऊन मी आधी टाके उसवले. जाकिटाची बाही आता तिच्या बोटांच्या टोकांपर्यंत येते. स्पर्धेला सरांनी तिला मापाचं जाकीट दिलं, पण ती गळफास लावायच्या जागी पोचली की हात मागे घेत होती. दुसऱ्याच लढतीत हरली. परत येताना मी समजूत घालत होते आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

पुढच्या आठवड्यात मी ओट्याशी भाकरी थापत होते. ती मागून आली आणि लहानपणापासून करते तशी माझ्या गळ्यात हात टाकायला लागली. माझी हनुवटी आपोआप छातीला टेकली, खांदे वर गेले. मी मुद्दाम केलं नव्हतं. तिचे हात तिथल्या तिथे थांबले.

तेव्हापासून ती समोरून येते. आधी हाक मारते, मी वळून बघेपर्यंत थांबते, आणि दोन्ही हात मला दिसतील असे ठेवते. मागून ये, असं मला तिला सांगायचं आहे. रोज भाकरी करताना ठरवते. पण तिची पावलं वाजली की मीच आधी वळून बघते.