हात मांडीवर

आधी बालवाडीच्या ताईंचं सांगते, मग माझं. त्या नसत्या तर माझ्या मुलीचं नाव त्या शाळेतून कधीच निघालं असतं. ताई सोलापूरच्याच, साठीच्या पुढच्या. आमच्या खोलीपासून दोन गल्ल्या सोडून त्यांची बालवाडी आहे. तिथं मुलांना कुणी ‘आता हे कर’ म्हणत नाही. मूल स्वतः फडताळातून वस्तू आणतं, चटई अंथरतं, हवा तितका वेळ बसतं आणि वस्तू जागेवर ठेवून येतं.

मी भंडाऱ्याकडची. नवरा रेल्वेत ट्रॅकवर, होटगीला नेमणूक झाली म्हणून आम्ही इतक्या लांब आलो. मी सहावीत शाळा सोडली. हातच्याची वजाबाकी मला तिसरीपासून येत नव्हती. फळ्यापुढे उभं करून गुरुजी विचारायचे, “हातचा कुठून आणला?” मला सांगता यायचं नाही आणि वर्ग हसायचा. एक दिवस पोट दुखतं म्हणून घरी राहिले, ती राहिलेच.

मुलगी साडेचार वर्षांची. दोन महिने ती शाळेत एकच काम करत होती. छोट्या जगमधलं पाणी पेल्यात ओतायचं, पेल्यातलं परत जगमध्ये. घरमालकीणबाईंनी एकदा तिला विचारलंच, “काय गं, शाळेत काय शिकतीस?”

“पाणी ओतते.”

“अगं बाई! हितं नळाला चार-चार दिवस पाणी न्हाय, अन् शाळेत ओतायला शिकवतेत व्हय? आमचा नातू शंभरपर्यंत लिहितोय की!”

मी हसून वेळ मारून नेली, पण जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, “नाव काढून घे तिचं. लिहिता नाही आलं तर तुह्यावानी घरी बसन मंग.” तो वाईट बोलला नाही. खरं तेच बोलला, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत पाठवायच्या आधी मी पाटी काढली. तिची मूठ माझ्या मुठीत धरायची आणि म्हणायची, अ काढ. ती हात ओढायची, मी दाबायची. खडू मोडायचा. असे आठ दिवस गेले. मग मुलीला सोडायला गेले तेव्हा ताईंनी मला दारात थांबवलं. मुलीनं शाळेत पाणी ओतणंही सोडलं होतं. दोन्ही हात काखेत घालून ती खिडकीपाशी बसून राहायची.

“घरी काही नवीन सुरू केलंय का?”

“नाही, ताई.” मी खोटं बोलले. ताईंनी माझ्या बोटांना लागलेला खडू पाहिला.

“उद्यापासून आठवडाभर रोज एक तास इथं येऊन बसा. बोलायचं नाही, मदत करायची नाही. हात मांडीवर. नाव काढायचं तर त्यानंतर काढा, मी अडवणार नाही.”

कोपऱ्यात पाट मांडलेला होता. त्यावर बसले. पहिल्या दिवशी एक चिमुरडी बटण भलत्याच काजात घालत होती. माझा हात उठला. ताईंनी लांबूनच माझ्या मांडीकडे पाहिलं. हात खाली.

तिसऱ्या दिवशी माझ्या मुलीनं पुन्हा पाण्याचा जग घेतला, आणि माझ्याकडे बघता बघता तिच्या हातून पाणी सांडलं. मी पदर घेऊन उठले. “बसा,” ताई म्हणाल्या. मुलगी मार चुकवावा तशी मान खाली घालून उभी होती. मी बसले आणि हात मांडीखालीच दाबून ठेवले. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग फडकं आणलं, पुसलं, बादलीत पिळलं आणि परत ओतायला बसली. तेव्हा मला दिसलं, पेल्यावर लाल रेघ होती. ती बरोबर रेघेवर थांबत होती. दर वेळी.

“तिचा हात थांबायला शिकतोय,” ताई नंतर म्हणाल्या. “पेन्सिल धरायची ती याच हातानं.”

पाचव्या दिवशी एक सहा वर्षांची मुलगी मणी घेऊन बसली. दहा-दहा मणी ओवलेल्या चार दांड्या आणि दोन सुटे. बेचाळीसातून सात काढायचे होते. दोनातून सात कसे निघणार? ती उठली, एक दांडी घेऊन फडताळातल्या मण्यांच्या ताटाकडे गेली, दांडी ठेवली, दहा सुटे मणी घेऊन आली. आता बारा सुटे. त्यातले सात काढले.

“एवढंच होतं होय?” मी मोठ्यानं बोलून गेले.

“शूऽऽ! मावशी, काम चाललंय ना!” ती मण्यांवरून मान न उचलता म्हणाली.

सगळी मुलं हसली. माझीही हसली. मीही हसले, आणि डोळे पुसले. हातचा त्या दांडीतून येत होता. मला कुणी दांडी हातात दिलीच नव्हती, नुसतं विचारलं होतं.

घरी येऊन मी पाटी माळ्यावर टाकली. नवऱ्याला म्हटलं, नाव निघणार नाही. तो म्हणाला, “पाहू.”

त्यानंतरही दीड महिना तिनं काही लिहिलं नाही. काळजी वाटत नव्हती असं म्हणणार नाही. घरातही मी हात मांडीखाली घेऊन बसायची. एका सकाळी मी भाकरी थापत होते आणि पाठीवर तिचं बोट फिरलं. शाळेत खरखरीत कागदाची अक्षरं असतात, ती मुलं बोटानं गिरवतात.

“ओळख.”

“म?”

“हो! आता बाबा.”

नवरा ड्युटीवर निघाला होता, तरी पाठ करून बसला. “क?”

“चुकलं! ब. बाबाचा ब.”

“पुन्हा काढ वो,” तो म्हणाला. “बरोबर ध्यान नव्हतं माहं.”

ताईंचे गुडघे आता दुखतात, चटईवर बसताना त्या भिंत धरतात. बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म मी आणला आहे. गणिताची भीती अजून गेलेली नाही. दहावी झाली की बालवाडीचा कोर्स. मग त्या पाटावर एखादी घाबरलेली आई येऊन बसेल, तेव्हा चटईवर मुलांपाशी मी असेन आणि ताई, तुम्ही खुर्चीवर बसून नुसतं बघायचं. तुमचं हे मी एक दिवस फेडणार. तोवर हात मांडीवर.