वास गेला त्या उन्हाळ्यातली सरबतं

देवासला आमच्या घरी ऊन तापू लागलं की ओट्याचा अर्धा भाग माझ्या सरबतांचा होतो. गुलाब, वाळा, केवडा, वेलची अशा इसेन्सच्या लहान बाटल्या, पातेलंभर गार झालेला साखरेचा पाक आणि एक ड्रॉपर. ओळखीच्या घरांतून मागणी येते, तेवढी मी पुरवते. काम सोपं दिसतं, पण सगळं अवलंबून असतं ते इसेन्स एकमेकांशी जुळण्यावर. गुलाब पुढे पुढे करतो. वाळा पहिल्या दिवशी कळतच नाही, रात्रभर मुरला की वर येतो. केवडा थेंबभर जास्त झाला तर बाकी कुणाला पातेल्यात राहू देत नाही. हाताला मापाची सवय असते, पण शेवटचा शब्द नाकाचा.

काही वर्षांपूर्वी ऐन चैत्रात मला ताप आला. ताप उतरला, पण वास गेला. हे मला कळलं ते दूध करपलं तेव्हा. मी गॅसजवळच बसून भाजी निवडत होते आणि हे बाहेरच्या खोलीतून धावत आले. मान वर केली तर पातेल्यातून धूर निघत होता. डॉक्टर म्हणाले, "येईल परत. ओळखीचे वास रोज घेत राहा." मी लवंग हुंगायची, लिंबाची साल हुंगायची. कोरा कागद हुंगल्यासारखं वाटायचं.

मागणी आलेली होती, म्हणून मी नुसत्या मापावर विसंबून एक खेप केली. केवड्याची बाटली नेमकी नवी होती, आधीच्यापेक्षा कडक. एरवी झाकण उघडताच समजलं असतं. दुसऱ्या दिवशी शेजारची माळवी भाभी बाटली पदराआड धरून आली.

"बुरा मत मानना," ती हळूच म्हणाली, "पर इसमें से तो अगरबत्ती की बास आ री है."

तिने आत येऊन सांगितलं, चार बायकांत नाही, याचं मला आजही बरं वाटतं. ती गेल्यावर मी सगळी खेप मोरीत ओतली आणि ओट्याशी उभी राहून रडले.

पुढच्या महिन्यात धारला माझ्या भाच्याची मुंज होती. पाहुण्यांसाठी सरबत आत्यानेच करायचं, असं भावाने केव्हाच ठरवून टाकलं होतं. मी त्याला फोन करायला निघाले, की बाबा, बाजारातून आण. हे जवळच बसले होते.

"थांब," हे म्हणाले. "मी चाखतो. तू कर."

मला हसू आलं. हे कारखान्यात मशिनींची दुरुस्ती पाहतात. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जेवणाबद्दल यांच्या तोंडून कधी वाकडा शब्द नाही आणि सरळही नाही. मीठ विसरलं तरी निमूट जेवून उठायचे. आणि आता हे माझं नाक होणार.

पहिल्या संध्याकाळी मी पेला पुढे केला. "कसं आहे?"

"ठीक आहे."

दुसरा दिला. "हे?"

"हेही ठीक आहे."

"अहो, ठीक ही काय चव झाली? कशासारखं लागतंय ते सांगा."

यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "लग्नातला अत्तर मारलेला फोटोग्राफर जवळून गेल्यासारखं." मला कळलं, गुलाब जास्त झाला. मी पाक वाढवला, चिमूटभर मीठ घातलं. पुढचा पेला "वाण्याच्या दुकानातल्या डब्यासारखा" निघाला, म्हणजे वेलची उतू गेली होती. अशा आमच्या संध्याकाळी सुरू झाल्या. हे कारखान्यातून येत, हातपाय धूत आणि पाटावर बसत. मी थेंब मोजायची, हे सांगायचे.

एकदा वाळ्याचा पेला यांनी तोंडाला लावला आणि खाली ठेवलाच नाही.

"काय झालं?"

"बदनावरचा कूलर," हे म्हणाले. "वडिलांची बदली होती तिकडे. दुपारी लाइट जायची. मग आई कूलरच्या वाळ्यावर तांब्याने पाणी मारायची आणि आम्हाला त्याच्यासमोर निजवून स्वतः पुठ्ठ्याने वारा घालत बसायची. असाच वास यायचा."

यांची आई हे शाळेत असतानाच गेली. मला तिचा एक फोटो तेवढा माहीत होता. घरात तिचा विषय निघत नसे, मीही काढत नसे. त्या दिवशी मी ड्रॉपर बाजूला ठेवला आणि ऐकत बसले. ती मंडीतल्या बायकांशी झकास माळवी बोलायची, पण देवापुढे तिची मराठी अगदी जुन्या वळणाची असायची. नेमावरला नर्मदेत उतरताना मुलांना एका हाताने धरून ठेवायची आणि स्वतः मात्र पाण्याला भ्यायची. "इतकं आठवतंय हे मलाच माहीत नव्हतं," हे म्हणाले.

मुंजीसाठी आम्ही वाळा पुढे ठेवला, गुलाब त्याच्या मागे, आणि केवडा नावापुरता. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. जिभेला गोड आणि आंबट, बस. धारला मी कोपऱ्यात उभी राहून लोकांचे चेहरे पाहत होते. माझ्या मोठ्या काकूंनी, ज्यांना सहसा काही पसंत पडत नाही, पेला रिकामा केला आणि म्हणाल्या, "वाळा छान उतरलाय हो. आणखी आहे का?" मी पलीकडे पाहिलं. हे पंगतीत वाढत होते, पण यांनी ऐकलं होतं.

वास परत यायला पावसाळा उलटला. आधी सगळं वेडंवाकडं आलं, कॉफीला रबर जळल्यासारखा वास येई. मग एक दिवस वरणाला फोडणी देताना हिंग आला, खराखुरा. मी हाक मारली, तर हे चप्पल न काढताच अंगणातून आत आले.

आता माझं नाक काम करतं. तरी नवी खेप झाली की यांना पेला देतेच. हे अजून काहीतरी सांगतात, बहुतेक वेळा आईचं. मी सासूबाईंना कधी पाहिलं नाही, पण वाळ्याचं सरबत ढवळताना त्या मला आता पुष्कळ ओळखीच्या वाटतात. दर वर्षी पहिली बाटली भरली की तिच्यातलं पेलाभर त्यांच्या फोटोपुढे ठेवते. नंतर ते आम्ही दोघं अर्धं अर्धं पितो.